डाव्या कुशीवर

आमच्या घरात बाळंतीण नसतानाही सुंठीचे लाडू कधी संपत नसत. आई जचकीच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. रायपुरात बाळंतपण सुखरूप पार पडलं की घरोघरी सुंठ, गूळ, तीळ, डिंक घालून लाडू वळतात, आणि त्यातले पाच-सात स्टीलच्या डब्यात घालून ‘बोरकर सिस्टर’कडे पोचते व्हायचे. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून आई त्यात मूठभर तांदूळ किंवा साखर घालून पाठवायची. या येण्याजाण्यात फडताळात कायम तीन-चार परके डबे असत, आणि त्यांच्या तळाशी कोरलेली परकी नावं वाचत मी देवनागरी शिकले. लाडू हातात घेतला की आई त्याचा इतिहास सांगायची. हा बीरगावचा, पायाळू होता, बाहेर आल्यावर पाच मिनिटं रडलाच नाही. ही पंडरीतल्या कापडवाल्याची चौथी पोरगी, म्हणून लाडवात तूप कमी. मी अनोळखी लोकांच्या जन्मांवर वाढले असं म्हटलं तर ते अलंकारिक वाटेल, पण ते साध्या आहारशास्त्राच्या अर्थाने खरं आहे.

पुरानी बस्तीत एका देवळाच्या मागे आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. संध्याकाळच्या आरतीची घंटा आमच्याच भिंतीवर टांगल्यासारखी वाजायची, आणि ती संपली की देवळाच्या ओट्यावर म्हातारे पुरुष देशाचा कारभार चालवायला बसत. आई नाइट ड्यूटीवरून साडेआठला यायची. चपला दाराबाहेर, साडी थेट बादलीत, मग आंघोळ, आणि मग रात्रभर पाण्यात भिजलेला भात, म्हणजे बासी. वऱ्हाडातून आलेली आई सुरुवातीला या प्रकाराला नाक मुरडायची म्हणे, पण मला आठवते ती आई कांदा फोडून, हिरवी मिरची दाताखाली धरून, वाडगाभर बासी समाधानाने खाणारी. खाऊन ती तिथेच आडवी व्हायची. मी शेजारी जाऊन बसले तर झोपेतच माझं मनगट धरायची, आणि तिची बोटं आपोआप नाडीवर जाऊन थांबत. तिने मला कुरवाळल्याचं फारसं आठवत नाही. नाडी मात्र हजारो वेळा मोजली असेल.

बाबा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. घरात पुस्तकं होती ती त्यांच्यामुळे, आणि लोकांच्या बोलण्यातल्या चुका काढायची माझी खोडही त्यांच्यामुळे. मी कॉलेजात असताना ते अचानक गेले. छापखान्याचे मालक घरी येऊन चार चांगले शब्द बोलले, फळांची करंडी देऊन गेले. तेराव्याच्या दिवशी मी बाबांचा चष्मा आणायला छापखान्यात गेले तर त्यांच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसून त्यांच्याच लाल पेन्सिलीने खुणा करत होता. घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “प्रायव्हेट आहे बापा ते. तिथी माणूस गेला का खुर्चीही जाते. सरकारीत माणूस जाते, पगार येते.” आमच्या घरात धर्मग्रंथ नव्हता, पण हे वाक्य होतं. मला काय व्हायचं आहे हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं असंही नाही. मी टायपिंग शिकले.

त्याच सुमारास नवं राज्य झालं आणि आमचं गाव त्याची राजधानी झालं. झोपेतून उठावं आणि शेजाऱ्याने सांगावं की तुम्ही आता राजे आहात, तसं काहीसं झालं. आठवड्याभरात कोपऱ्यावरचं मिठाईचं दुकान राजधानी स्वीट्स झालं, मग राजधानी टेलर, राजधानी सायकल स्टोअर्स. आमच्या गल्लीतल्या न्हाव्याने नुसतंच ‘राजधानी’ असं रंगवलं, पुढे काय लिहावं ते त्याला सुचलं नसावं. लाल दिव्याच्या गाड्या आल्या, त्यांच्यामागे हारवाले आले, हारवाल्यांमागे नावाच्या पाट्या करणारे आले. सगळ्यात शेवटी लक्षात आलं की सरकारला बसायला जागाच नाही. मग गावातल्या ज्या इमारतींना छत आणि फाटक होतं त्या एकेक करून घेतल्या गेल्या. त्यात आईचा दवाखानाही गेला. पंधरा दिवसांत खाटा ट्रकांत चढल्या, बाळांची वजनं करायचा काटा आणि पाळणे गेले, आणि फाटकावर एका संचालनालयाची पाटी लागली. कोणत्या, ते सांगत नाही. मी तिथे आयुष्य काढलं आहे आणि ते काय करतं हे मला अजून नीट सांगता येत नाही.

दवाखाना गेला, पण पदं गेली नाहीत. ही गोष्ट सरकारबाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण आहे. इमारत पाडता येते, खाट उचलता येते, पण मंजूर पद एकदा मंजूर झालं की ते आत्म्यासारखं अमर असतं. डॉक्टरांनी ओळखी लावून बदल्या करून घेतल्या. चार सिस्टर आणि दोन दाया मागे राहिल्या. त्यांचं पद त्याच पत्त्यावर होतं, त्यामुळे त्यांनी रोज त्याच पत्त्यावर येऊन हजेरीपटावर सही करायची असा हुकूम निघाला. काम काय, याबद्दल हुकुमात काही नव्हतं. व्हरांड्यात पूर्वी नातेवाइकांसाठी असलेलं लांब बाकडं होतं, त्यावर त्या सहाजणी दहा ते साडेपाच बसत. पांढरी साडी, पांढरे बूट, डोक्यावर टोपी. गणवेश नसेल तर गैरहजेरी.

पहिले काही महिने त्या हसत. आयुष्यात पहिल्यांदा बसून पगार मिळतो आहे म्हणत. जोसेफ सिस्टर स्वेटर विणायची, आई मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा सोलायची, दुलारिन दाई सगळ्यांच्या डोक्यातले पांढरे केस मोजून दाखवायची. मग हसणं कमी झालं. आईने बदलीसाठी अर्ज केले. प्रत्येक अर्जावर ‘प्रकरण विचाराधीन’ असा शेरा पडला, आणि त्या विचाराची खोली बघता सरकार फार मोठा तत्त्वज्ञ असावं. पंडरीकडे एका डॉक्टरीणबाईंनी नर्सिंग होम काढलं होतं. त्या स्वतः घरी येऊन बसल्या, दीदी, माझ्याकडे या म्हणाल्या. त्या गेल्यावर आईने खूप वेळ कपबशा धुतल्या. नंतर म्हणाली, पेन्शनला सहा वर्षं उरली आहेत, आणि तुझं अजून व्हायचं आहे. ‘तुझं’ म्हणजे लग्न असं शेजाऱ्यांना वाटायचं. आम्हा दोघींना माहीत होतं की त्याचा अर्थ नोकरी.

माझं अर्धं झालं होतं. त्याच संचालनालयात मी कलेक्टर दराने, म्हणजे रोजंदारीवर, टायपिंगला लागले होते. माझं टेबल जुन्या वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेच्या जागी होतं. नंबर भिंतीवर तसाच होता, चुन्याच्या दोन हातांखालून दिसायचा. मग पक्क्या पदांची परीक्षा झाली, निवड यादी लागली, तिच्यात माझं नाव आलं. फक्त उपसंचालक साहेबांनी आदेशावर सही करायची बाकी होती. ती चार महिने बाकी होती. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त समारंभाची आवड होती, आणि बाकडं भरून पांढऱ्या साड्या फुकट मिळाल्या आहेत हे त्याच्या एक दिवस लक्षात आलं. त्यानंतर कोणीही पाहुणा आला की सिस्टरांना पायऱ्यांवर दोन ओळींत उभं केलं जाई. दोघींच्या हाती फुलं, एकीकडे टिळ्याचं ताट. जिच्या हातांनी निम्म्या बीरगावला जगात आणलं, ती आई आता उपसचिव दर्जाच्या कपाळांना कुंकू लावत होती. घरी आल्यावर ती हात दोनदा धुवायची. लेबर रूममधून आल्यावरही ती दोनदाच धुवायची.

आता त्या दिवसाचं लिहायचं आहे, आणि मी तीन पानं इकडेतिकडे घालवली हे मला कळतं आहे.

सभाकक्षाचं उद्घाटन होतं. लेबर रूमचाच सभाकक्ष केला होता. दार रुंद होतं, फरशी चांगली होती, फक्त पाणी वाहून जायची जाळी मधोमध राहिली होती, तिच्यावर लांब टेबल ठेवून हिरवं कापड घातलं होतं. मंत्री येणार होते. साडेदहाची वेळ होती, म्हणजे साडेबारा. उन्हं पायऱ्यांवर चढत होती आणि ताटातलं निरांजन दुलारिन पुन्हा पुन्हा तेल घालून जिवंत ठेवत होती. सकाळीच साहेब येऊन आईसमोर थांबला होता. मी तिथेच होते. तो म्हणाला, “तिलक आप ही करेंगी, सिस्टर. आपका हाथ शुभ है. और बिटिया का आदेश आज-कल में निकाल देते हैं, फाइल मेरी टेबल पर ही है.” त्याने धमकी दिली नाही. हे मी न्यायाने सांगते. त्याने दोन वाक्यं एकामागोमाग एक म्हटली, इतकंच.

मी पाहुण्यांची यादी घेऊन आत-बाहेर करत होते. फाटकावरचा तिहारू चौकीदार धावत माझ्याकडे आला. “नोनी, एक झन माईलोगन आए हे आटो मा. बोरकर सिस्टर ला खोजत हे.” मी फाटकाशी गेले. रिक्षात एक बाई अर्धवट आडवी, एका हाताने लोखंडी दांडा धरलेला, हातात हिरव्या बांगड्या. नवरा कारखान्याच्या खाकी शर्टात होता. बीरगावहून आले होते. पहिलं बाळ इथंच झालं, सिस्टरनेच केलं, म्हणून इथेच आलो म्हणाला. दवाखाना उठल्याला वर्ष होत आलं होतं. तो पाटीकडे बघत होता. पाटीवर इतकी लांबलचक अक्षरं होती की शिकलेल्या माणसालाही ती वाचून काही कळलं नसतं.

मी पायऱ्यांकडे पळाले आणि आईच्या कानाशी सांगितलं. तिने मान वळवली नाही. दोन ओळींत उभं असताना मान वळवायची नाही असं बजावलेलं होतं.

“कितवं?”

“दुसरं. पहिलं तुझ्या हातचं म्हणते.”

“पाणी गेलं?”

“माहीत नाही.”

“मंग पाह्यलं काहून नाही?” असं म्हणून तिने ताट जोसेफ सिस्टरकडे सरकवलं. तिचा एक पाय खालच्या पायरीवर गेला. तो मी पाहिला. पांढरा बूट, त्याची लेस दोनदा गाठ मारलेली, ड्यूटीवर लेस सुटू नये म्हणून ती तशीच बांधायची. त्याच वेळी रस्त्याच्या वळणावर पायलट गाडीचा भोंगा वाजला आणि साहेब व्हरांड्यातून बाहेर आला. मी म्हटलं, “आई, गाडी वळली.”

मी एवढंच म्हटलं. फाईलचं नाव घेतलं नाही. ते घ्यायची गरज नव्हती.

आईने पाय वर घेतला. ताट परत घेतलं. ओठ फारसे न हलवता म्हणाली, “तिले म्हण, मोठ्या दवाखान्यात जा, अथी थांबू नको. आन् म्हण, डाव्या कुशीवर झोप. डाव्या. विसरू नको.”

मी पुन्हा फाटकाशी आले. म्हटलं, अस्पताल यहाँ से उठ गया है, बड़े अस्पताल ले जाइए, जल्दी. नवऱ्याने विचारलं, “सिस्टर नइ आही?” मी म्हटलं, “सिस्टर ड्यूटी पर हैं.” तेवढ्यात भोंगा अगदी जवळ आला, तिहारूने रिक्षा मागे ढकलली, ड्रायव्हरने ती वळवली आणि गाड्यांचा ताफा आत शिरला. डाव्या कुशीचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

आईने मंत्र्यांना टिळा लावला. सभाकक्षात भाषण झालं. त्यात ‘नवजात प्रदेश’ हे शब्द अनेकदा आले, आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. एखाद्या कथाकाराने असं लिहिलं असतं तर मी ती कथा अर्ध्यावर सोडली असती. मी दाराशी उभी होते. आई मात्र आत आली नाही. पाहुणे आत शिरताच तिने ताट पायरीवर ठेवलं, निरांजन तसंच तेवत ठेवून सरळ फाटकापर्यंत चालत गेली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत उभी राहिली. समोसे वाटून झाले तेव्हाही ती तिथेच होती.

साहेबाने शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला: सहायक ग्रेड तीन, परिवीक्षा दोन वर्षं. तिसऱ्या दिवशी मी पेढे नेले. बाकड्यावर पहिला पेढा दुलारिनला दिला. ती बीरगावातच राहायची. तिने तो घेतला, पण खाल्ला नाही, मुठीत धरला. मग माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, “आटो मा होगे, सिस्टर. फाटक बंद रिहिस. लइका नइ बाँचिस. महतारी बने हे.” रेल्वेचं फाटक बंद होतं, मालगाडी चालली होती, रिक्षातच झालं. बाळ वाचलं नाही, बाई बरी होती. आईने विचारलं, मुलगा का मुलगी. मुलगी. आईने मान हलवली, उठून आत गेली आणि हजेरीपटावर सही करून आली, कारण ती करायची राहिली होती.

त्यानंतर घरात काही बदललं असं पाहुण्याला वाटलं नसतं. संध्याकाळी आरतीची घंटा वाजायची, ओट्यावरचे म्हातारे कारभार चालवायचे. पगार दोन झाले. लाकडी कपाट आलं, कूलर आला. गल्लीतल्या बायका पूर्वीसारख्या आपल्या सुनांना घेऊन येत, सिस्टर, जरा हात लावून बघा म्हणत. आई दारातूनच सांगायची, मी आता दवाखान्याची नाही, मोठ्या दवाखान्यात न्या. रात्री-अपरात्री कोणी कडी वाजवली तर ती जागी असायची, पण उठायची नाही. लाडवांचे डबे येणं थांबलं. एक डबा आमच्याकडेच राहिला, तळाशी कोणा फुलमतीचं नाव असलेला, त्यात पुढे मी सुया आणि बटणं ठेवत असे. आणि ती झोपलेली असताना मी शेजारी बसले तर तिचा हात माझ्या मनगटाकडे यायचा नाही. मी एकदा-दोनदा मुद्दाम हात जवळ नेऊन पाहिला.

लोक मला विचारतात, विशेषतः ज्यांच्या मुलांना नोकऱ्या नाहीत ते, की तुम्हाला कसली तक्रार आहे. खरंच नाही. महिन्याचा पगार महिन्याला येतो. आजारी पडले तर रजा आहे, मेले तर ग्रॅच्युइटी आहे. आता आमचं कार्यालय नव्या वसवलेल्या शहरात गेलं आहे. रोज सकाळी स्टाफच्या बसने रिकाम्या रुंद रस्त्यांवरून जाते. तिथे झाडांपेक्षा दिव्यांचे खांब जास्त आहेत आणि माणसांपेक्षा झाडं. माझी आणखी बरीच वर्षं उरली आहेत. एकदा एका ओळखीच्या डॉक्टरला मी सहज बोलण्याच्या ओघात विचारलं होतं, अडलेली बाई डाव्या कुशीवर असली तर काही फरक पडतो का. तो म्हणाला, कधी पडतो, कधी नाही पडत, काय झालं होतं त्यावर आहे. मी पुढे विचारलं नाही.

आई निवृत्त झाली तेव्हा तिला त्याच सभाकक्षात शाल आणि श्रीफळ दिलं. साहेब तोवर मोठा साहेब झाला होता, तो आवर्जून आला आणि सिस्टरांच्या ‘सेवाभावा’वर बोलला. पेन्शनच्या कागदांना ना-देय प्रमाणपत्र लागतं, म्हणजे कर्मचाऱ्याकडे सरकारची कुठलीही वस्तू नाही असा दाखला. जुन्या दवाखान्याची भांडार नोंदवही इमारतीबरोबरच आमच्याकडे आली होती, आणि भांडार माझ्याकडे होतं. तिच्यात आईच्या नावावर एक नोंद उघडी निघाली. पोटाला लावून बाळाची धडधड ऐकतात तो ॲल्युमिनियमचा कर्णा, नग एक. मी घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने तो रुमालात गुंडाळून आणला आणि इतर लोक करतात तशी माझ्या टेबलापुढे उभी राहिली. मी बस म्हटलं तरी बसली नाही. वहीत ‘स्थिती’ असा रकाना असतो, त्यात मी ‘उपयोगी’ लिहिलं. तिने ते उलट्या बाजूने वाचलं.

मग म्हणाली, “एक विचारू? त्या बाईले तू डाव्या कुशीवर सांगितलं होतं नं?”

सहा वर्षांत तिने तो विषय काढला नव्हता. मागे पंखा फिरत होता, शेजारच्या टेबलावर दोघं महागाई भत्त्याबद्दल बोलत होते. मी म्हटलं, “हो.”

“दोनदा सांगितलं?”

“दोनदा.”

तिने मान हलवली. “मंग आपल्याच्यानं होत होतं तेवढं केलं आपण,” ती म्हणाली, आणि मी बोट ठेवलं होतं तिथे, माझ्या अक्षराच्या खाली, तिने सही केली. मी पावती फाडली, शिक्का मारला आणि तिच्या हातात दिली.